प्रथिनाची घडी : कागद, केस आणि तार

निवृत्त होताना कॉलेजच्या प्रयोगशाळेतली एकच वस्तू मी मागून घरी आणली. हातभर उंचीची, लाकडी पाटावर उभी केलेली, ॲल्युमिनियमच्या तारेची एक मळसूत्री गुंडाळी. तारेवर ठरावीक अंतराने रंगवलेले लाकडी मणी. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रथिनांची रचना शिकवायची म्हणून १९८६ साली मी ती स्वतः केली होती. घरातलं लाटणं घेतलं, त्यावर तार गुंडाळली, लाटणं अलगद काढून घेतलं आणि झालं ‘आल्फा हेलिक्स’! पुढची सत्तावीस वर्षं ते कपाटावर उभं होतं. दरवर्षी तो धडा आला की मी लांबूनच पट्टीने त्याच्याकडे बोट दाखवायचे.

माझी नात न्यू जर्सीत शाळेत होती, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या ‘सायन्स ऑलिम्पियाड’ या शालेय विज्ञान स्पर्धेत ‘प्रोटीन मॉडेलिंग’ नावाचा एक प्रकार असे. दिलेल्या प्रथिनाचं घडी घातलेलं मॉडेल घरून करून न्यायचं, एक तिथे बसून करायचं आणि वर लेखी परीक्षाही द्यायची. तिच्या खोलीत जमिनीवर मातीचे गोळे, तांब्याची तार, रंगीत पाइप क्लीनर, मणी, गोंद असा सगळा बाजार मांडलेला. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, “आजी, तू इतकी वर्षं हेच शिकवलंस ना? मग सांग, कशाचं करू?”

मी उठून कौतुकाने माझं तारेचं मॉडेल कॅमेऱ्यासमोर धरलं. ती दोन क्षण गप्प राहिली. मग जरा चाचरतच म्हणाली, “आजी, तुझं हेलिक्स उलटं आहे गं. हे डाव्या हाताचं आहे.”

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच होतं. प्रथिनांतली आल्फा हेलिक्स उजव्या वळणाची असते. उजव्या हाताचा अंगठा वर धरला, तर मिटलेली बोटं ज्या दिशेने वळतात त्या दिशेने वळत ती वर चढते. आपल्या नेहमीच्या स्क्रूचे आटे तसेच असतात. माझी तार नेमकी त्याच्या उलट चढत होती. सत्तावीस वर्षांत ते ना मला दिसलं, ना माझ्या एकाही विद्यार्थ्याला.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. पण पुढचे काही महिने मी त्याचाच शोध घेत होते. प्रथिनाचं मॉडेल कशाचं करावं? हा प्रश्न शाळकरी वाटतो. प्रत्यक्षात विसाव्या शतकातल्या थोर वैज्ञानिकांनाही तो सुटता सुटत नव्हता, आणि कुणी कोणतं साहित्य उचललं यावर कुणाला काय दिसलं हे ठरलं.

झाडूचा दांडा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. वीस प्रकारचे मणी वेगवेगळ्या क्रमाने ओवलेली माळच म्हणा. ही माळ पेशीत सरळ लोंबत नाही. ती वळते, दुमडते आणि तिची एक ठरलेली घडी बसते. रक्तातला ऑक्सिजन वाहणं, अन्न पचवणं, जंतूंना ओळखणं ही प्रथिनांची कामं त्या घडीवर अवलंबून असतात. म्हणून घडी कशी बसते हे जाणून घेणं महत्त्वाचं.

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्स इथे विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या धाग्यांतून क्ष-किरण सोडून त्यांच्या आकृत्या अभ्यासत होते. लोकर, केस, नखं ही सगळी केराटिन या प्रथिनाची. त्या आकृत्यांत ५.१ अँगस्ट्रॉम अंतरावर काहीतरी पुन्हा पुन्हा येतंय असं दिसे. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) साखळी नियमित वळणं घेत असणार, हे उघड होतं. पण ती वळणं कशी?

केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी यासाठी चक्क झाडूचा दांडा घेतला. त्यावर मळसूत्राच्या रेषेत खिळे ठोकले. एकेक खिळा म्हणजे एकेक अमिनो आम्ल, आणि दोन वेढ्यांमधलं अंतर ५.१ च्या प्रमाणात. जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शक्य त्या सगळ्या रचना तपासल्या आणि १९५० साली त्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अनेक रचना होत्या, पण खरी एकही नव्हती.

दोन गोष्टींनी घात केला. एका वेढ्यात अमिनो आम्लांची संख्या पूर्णांकच असली पाहिजे, असं त्यांनी गृहीत धरलं. स्फटिकांच्या अभ्यासात वाढलेल्या माणसांना ते स्वाभाविक वाटलं. दुसरी चूक साहित्यात उतरली. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध त्यांच्या मॉडेलमध्ये मोकळा फिरत होता. खरा पेप्टाइड बंध फिरत नाही. तो अर्धवट दुहेरी बंधासारखा असतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचे अणू एकाच सपाट पातळीत अडकून राहतात. शेजारच्याच रसायनशास्त्र विभागातल्या अलेक्झांडर टॉड यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञाला ते ठाऊक होतं. ज्या सांध्याला निसर्गाने कुलूप घातलं होतं, तो मॉडेलमध्ये उघडा राहिला होता.

हे वाचताना मला माझं लाटणं आठवलं. झाडूचा दांडा काय किंवा लाटणं काय, कोणतीही तार त्यावर कशीही गुंडाळता येते. किती वेढे, किती जवळ, कोणत्या बाजूने हे सगळं गुंडाळणाऱ्याच्या मर्जीवर. दांडा कशालाच नकार देत नाही.

अंथरुणातला कागद

१९४८ चा वसंत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग पाहुणे प्राध्यापक म्हणून ऑक्सफर्डला आले होते. सर्दीने बेजार होऊन ते अंथरुणाला खिळले. दोन-एक दिवस रहस्यकथा वाचून काढल्या आणि मग कंटाळून त्यांनी कागद, पेन्सिल आणि पट्टी मागवली. कागदावर त्यांनी प्रथिनाच्या साखळीचा कणा काढला. अणूंमधली अंतरं आणि कोन त्यांना पाठ होते. मग प्रत्येक आल्फा कार्बनपाशी, म्हणजे साखळी जिथे खरोखर वळू शकते तिथे, त्यांनी कागद समांतर रेषांवर दुमडायला सुरुवात केली. दुमडता दुमडता एका वेढ्यातला अणू पुढच्या वेढ्यातल्या अणूच्या समोर नेमका हायड्रोजन बंधाच्या अंतरावर आला. कागदाची नळी झाली. आल्फा हेलिक्स सापडली होती.

हा किस्सा विज्ञानाच्या पुस्तकांत प्रतिभेचा चमत्कार म्हणून येतो. मला आता तो कागदाचा गुण म्हणूनही दिसतो. कागद दोन घड्यांच्या मधे सपाट राहतो, आणि पेप्टाइड बंधही तसाच असतो. कागद घडीपाशीच वळतो, आणि साखळीही आल्फा कार्बनपाशीच वळते. पॉलिंग यांना बंधाचा सपाटपणा आधीपासून माहीत होता. कागदाने तो नियम प्रत्येक वळणावर आपोआप पाळला. शिवाय वेढ्यात किती अमिनो आम्लं बसतात हे कागदाला कुणी सांगितलं नव्हतं. ती साधारण ३.७ आली. पुढे ३.६ हा आकडा रूढ झाला. पूर्णांकाचा आग्रह कागदाने सहजच मोडून काढला.

एक अडचण मात्र उरली. पॉलिंग यांच्या वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम येत होती, ॲस्टबरींच्या आकृतीत ५.१ होती. त्यामुळे त्यांनी ही रचना जवळजवळ तीन वर्षं छापलीच नाही. १९५१ साली रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह ती प्रसिद्ध झाली.

केंब्रिजला पेरुट्झ यांनी एका शनिवारी सकाळी तो निबंध वाचला आणि ते सुन्न झाले. रचना खरी असेल, तर दर १.५ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाच्या पायरीवर, क्ष-किरणांची एक खूण उमटायलाच हवी, हे त्यांच्या लक्षात आलं. ॲस्टबरींच्या फोटोंत ती नव्हती. कारण धागा ज्या कोनात धरला जाई त्यात ती पकडली जाणं शक्य नव्हतं, आणि फोटोची काचही अरुंद होती. पेरुट्झ यांनी घोड्याचा एक केस घेतला, तो योग्य कोनात तिरका बसवला आणि फिल्म लावली. काही तासांत १.५ ची खूण उमटली. सोमवारी त्यांनी ती ब्रॅगना दाखवली. हे कसं सुचलं, असं ब्रॅगनी विचारलं. आपल्याला हे आधी सुचलं नाही याचा राग आला म्हणून, असं पेरुट्झ म्हणाले. तुम्हाला याआधीच राग आणायला हवा होता, अशा अर्थाचं ब्रॅग यांचं उत्तर पुढे प्रसिद्ध झालं. ५.१ चं कोडंही पुढच्या एक-दोन वर्षांत सुटलं. केराटिनमध्ये हेलिक्स एकमेकींभोवती दोरीसारख्या पिळलेल्या असतात, त्यामुळे अंतर कमी भासतं.

या कथेचा एक तुकडा मला विशेष जवळचा वाटतो. १९५१ च्या त्या ऐतिहासिक निबंधातलं आल्फा हेलिक्सचं चित्र डाव्या वळणाचं आहे! कागद कोणत्याही बाजूने वळवला तरी नळी होते, आणि निसर्ग कोणती बाजू निवडतो हे कागदाला कळत नाही. ती बाजू उजवी आहे, हे प्रत्यक्ष प्रथिनात दिसायला आणखी काही वर्षं जावी लागली. हे नातीला सांगितल्यावर ती हसून म्हणाली, “म्हणजे तू पॉलिंगच्या पंक्तीत बसलीस की!” मला तेवढाच दिलासा. पण पॉलिंग यांच्या वेळी ते ठाऊक नव्हतं. १९८६ साली ते माझ्या क्रमिक पुस्तकात छापलेलं होतं.

प्लॅस्टिसिनची आतडी, लोखंडाचं रान

सबंध प्रथिनाची घडी पहिल्यांदा दिसली ती केंड्र्यू यांना. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या स्नायूंतलं मायोग्लोबिन, १५३ अमिनो आम्लांचं. पाण्याखाली दीर्घकाळ राहणाऱ्या प्राण्याच्या स्नायूत ऑक्सिजन साठवणारं हे प्रथिन भरपूर असतं. १९५७ साली मिळालेलं चित्र अंधुक होतं, ६ अँगस्ट्रॉमपर्यंतचंच. त्यात अणू दिसत नव्हते, फक्त साखळीची जाडसर वाट दिसत होती. त्यासाठी केंड्र्यू यांनी लहान मुलांचं प्लॅस्टिसिन वापरलं. वेटोळी घातलेली एक जाड वळकटी, उभ्या काठ्यांच्या आधाराने तोललेली. आतड्यांसारखं दिसणारं ते रूप पाहून पेरुट्झ यांचा विरस झाला होता. जीवनाचं मूळ शोधायला निघावं आणि हाती असं काही यावं! सगळ्यांना डीएनएसारखी देखणी सममिती हवी होती, आणि प्रथिनात ती नव्हती.

इथे प्लॅस्टिसिन निवडणं ही प्रामाणिकपणाचीच गोष्ट होती. जेवढं दिसतंय तेवढंच दाखवायचं तर असंच साहित्य हवं. तारेने किंवा गोळ्या-काड्यांनी ते मॉडेल केलं असतं, तर नसलेल्या ज्ञानाचा आव आणल्यासारखं झालं असतं.

दोनच वर्षांत चित्र २ अँगस्ट्रॉमपर्यंत स्वच्छ झालं आणि साहित्य बदलावं लागलं. सुमारे सहा फुटांच्या चौरसात अडीच हजार उभ्या सळया रोवल्या. एक अँगस्ट्रॉमला पाच सेंटिमीटर असं प्रमाण होतं. जिथे इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त, तिथे सळईवर ठरलेल्या रंगाचे चिमटे. त्या चिमट्यांच्या रांगांतून वाट काढत साखळीचा सांगाडा बसवत नेला. त्याला ‘सळयांचं रान’ म्हणत. आतल्या भागात हात घालणं मुश्कील होई. पण त्याच रानात दिसलं की मायोग्लोबिनचा बराचसा भाग आल्फा हेलिक्सचा आहे, आणि ती उजव्या वळणाची आहे.

पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या मागे १९३७ पासून होते. १९५९ साली त्यांना त्याची ढोबळ घडी मिळाली. त्यांनी उष्णतेने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे पत्रे नकाशाच्या समोच्च रेषांप्रमाणे कापले, एकावर एक रचले आणि भट्टीत भाजले. दोन साखळ्या पांढऱ्या, दोन काळ्या, आणि ऑक्सिजन धरणाऱ्या हीमच्या लाल चकत्या. रंगामुळे एक गोष्ट तिथल्या तिथे लक्षात आली : या चारही साखळ्यांची घडी देवमाशाच्या मायोग्लोबिनसारखीच होती. केंड्र्यू आणि पेरुट्झ यांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मद्रासचा नकाशा

याच काळात आपल्याकडेही, मद्रास विद्यापीठात, एक माणूस प्रथिनाच्या घडीमागे लागला होता. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे रामन यांचे विद्यार्थी. १९५२ साली तिशीतच ते भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट कळलेली नाही, ही गोष्ट मद्रासला आलेल्या जे. डी. बर्नाल यांच्या बोलण्यातून पुढे आली. कोलॅजेन म्हणजे आपल्या त्वचेतलं, हाडांतलं, स्नायुबंधांतलं प्रथिन. त्यात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, सर्वांत लहान. १९५४ साली गोपीनाथ कार्था यांच्याबरोबर रामचंद्रन यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्या वर्षी ती सुधारली : तिन्ही साखळ्या स्वतः वळतात आणि शिवाय एकमेकींभोवती पीळ घेतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही अशा बेताने फिरतो की त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. त्या उदाहरणावरून त्यांना ही दुहेरी फिरकी सुचली. तीन साखळ्या इतक्या जवळ येऊ शकतात त्या ग्लायसिनमुळे. आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही.

फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला : तुमच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. रामचंद्रन यांनी वाद घालत बसण्यापेक्षा मूळ प्रश्नच हाती घेतला. दोन अणू किती जवळ येऊ शकतात? त्यांनी ज्ञात रचनांमधली अंतरं तपासली. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह आल्फा कार्बनच्या दोन्ही बाजूंचे कोन एकेक करून फिरवत, कोणत्या जोडीत अणू एकमेकांवर आदळतात आणि कोणत्या जोडीत नाहीत, हे गणिताने काढलं. १९६३ साली प्रसिद्ध झालेला तो आलेख आज जगभर ‘रामचंद्रन प्लॉट’ म्हणून ओळखला जातो. त्याचा बहुतेक भाग निषिद्ध आहे, परवानगी आहे ती मोजक्या बेटांना. उजव्या आल्फा हेलिक्सचं एक ठळक बेट त्यात आहे, डावीचं फार चिमुकलं. आजही प्रथिनाची नवी रचना तपासताना ती या आलेखावर ठेवून पाहतात.

मी हा आलेख अनेकदा फळ्यावर काढला होता. पण तो मॉडेलच्या साहित्याविषयीचंच विधान आहे, हे मला नातीमुळे उमगलं. दोन अणू एका जागी राहू शकत नाहीत. माती मात्र त्यांना राहू देते. मातीची दोन वेटोळी दाबली की एकमेकांत मिसळून जातात. कपाटावरच्या माझ्या तारेने तर निषिद्ध प्रदेशात सुखाने सत्तावीस वर्षं काढली.

हातात मावणारी तार

सळयांचं रान एका खोलीत एकच मावतं. पितळी सांगाडे जड, महाग आणि स्वतःच्याच वजनाने वाकणारे. १९६८ साली फ्रेडरिक रिचर्ड्स यांनी अर्धपारदर्शक आरशाची एक मोठी पेटी केली. तिच्यात नकाशाची प्रतिमा आणि पितळी मॉडेल एकाच जागी दिसत. सहकाऱ्यांनी तिचं नाव ‘फ्रेडचा वेडेपणा’ ठेवलं, पण ती बरीच वर्षं सगळ्यांच्या उपयोगी पडली.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बायरन रुबिन यांनी एक छोटं यंत्र केलं. त्यात सरळ तार सरकवायची आणि प्रत्येक आल्फा कार्बनपाशी दिलेल्या कोनांत ती वाकवत जायची. बाकी सगळं सोडून फक्त कण्याची वाट. जेन रिचर्डसन यांच्यासह त्यांनी १९७२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. सगळं प्रथिन आता ओंजळीत मावू लागलं. पिशवीत टाकून परिषदेला नेता येऊ लागलं.

आणि तसंच घडलं. एका परिषदेत एका गटाने प्रतिपिंडाच्या म्हणजे अँटिबॉडीच्या एका भागाचं असं तारेचं मॉडेल आणलं होतं. जेन आणि डेव्हिड रिचर्डसन यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या प्रथिनाचं आणलं होतं. एक रोगाशी लढणारं, दुसरं पेशीतल्या घातक ऑक्सिजनचा बंदोबस्त करणारं. कामात काही संबंध नाही, अमिनो आम्लांच्या क्रमातही नावापुरतंच साम्य. दोन्ही तारा शेजारी धरून फिरवून पाहिल्या, तर घडी तीच! १९७६ साली हे साम्य निबंधरूपाने प्रसिद्ध झालं. क्रम वेगळा असूनही घडी एकच असू शकते, ही आज पायाभूत मानली जाणारी गोष्ट अशी दोन वाकड्या तारांनी दाखवून दिली. पुढे १९८१ साली जेन रिचर्डसन यांनी हाताने काढलेल्या फितींच्या चित्रांनी प्रथिनं कशी काढायची याची रीतच घालून दिली. आज पुस्तकांत दिसणाऱ्या गुंडाळलेल्या फिती आणि चपटे बाण त्यांचेच.

रुबिन यांच्या तारेने जवळजवळ सगळं वगळलं होतं : अणू, बाजूच्या साखळ्या, आकारमान. पण ती हातात घेता येत होती, फिरवता येत होती. माझी तार कपाटावर होती. एकाही मुलाने ती हातात घेऊन फिरवली असती, शेजारी एक साधा स्क्रू धरला असता, तर चूक त्याच वर्षी कळली असती.

झिंक फिंगर

आता नातीच्या खोलीकडे परत येते. सरावासाठी तिने ‘झिंक फिंगर’ हा छोटा तुकडा निवडला होता. १९८५ साली केंब्रिजला ॲरन क्लुग आणि सहकाऱ्यांना आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतल्या एका प्रथिनात हे तुकडे ओळीने नऊ सापडले. प्रत्येक सुमारे तीस अमिनो आम्लांचा. तो डीएनएच्या खाचेत बोटासारखा शिरतो. त्यात दुमडलेल्या दोन सरळ पट्ट्या, एक छोटी हेलिक्स आणि मधे जस्ताचा एक अणू. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन अशी चार अमिनो आम्लं त्या जस्ताला धरून बसतात.

पहिला प्रयत्न मातीचा. भट्टीत भाजून घट्ट होणारी रंगीत माती तिने ओव्हनमध्ये भाजली. नकळत ती पेरुट्झ यांच्याच वाटेने गेली होती. मॉडेल देखणं झालं, जस्ताच्या जागी तिने चंदेरी मणी चिकटवला. दुसरा प्रयत्न तांब्याच्या तारेचा. ती वळायची, पण पातळ असल्याने कुठे वर, कुठे खाली हे ओळखू येईना. शेवटी तिने स्पर्धेत रूढ असलेली फोमच्या आवरणाची तार घेतली. तिला ‘मिनी टूबर’ म्हणतात. एका टोकाला निळं टोपण, दुसऱ्या टोकाला लाल, म्हणजे साखळीची सुरुवात आणि शेवट कळतो. प्रमाण ठरलेलं : एका अमिनो आम्लाला दोन सेंटिमीटर.

आम्ही दोघी आपापल्या स्वयंपाकघरात बसून हिशेब करत होतो. शेजारच्या दोन आल्फा कार्बनमधलं खरं अंतर ३.८ अँगस्ट्रॉम. ते दोन सेंटिमीटर धरलं, तर २८ अमिनो आम्लांना ५६ सेंटिमीटर तार. हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्ल फक्त १.५ अँगस्ट्रॉम वर चढतं. म्हणजे बारा अमिनो आम्लांची २४ सेंटिमीटर तार वळून साडेनऊ सेंटिमीटरच उंच व्हायला हवी. ती जास्त उंच झाली तर वेढे सैल आहेत, कमी झाली तर दाबले गेलेत. “आजी, आधी मोजायचं, मग वळवायचं,” असं ती मला शिकवत होती.

घडी घालून तिने मॉडेल उचललं, तर ते उघडलं. पट्ट्या एकीकडे, हेलिक्स दुसरीकडे. पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं, पुन्हा उघडलं. ती वैतागली. “मातीचं किती छान उभं राहत होतं!” मग तिने त्या चार जागांवरून रंगीत पाइप क्लीनर काढले आणि चारही टोकं मधल्या मण्याला बांधली. मॉडेल उचललं, हलवलं. घडी हलली नाही.

आम्ही दोघी एकदम गप्प झालो. झिंक फिंगरचं वैशिष्ट्य नेमकं हेच आहे. एवढीशी साखळी स्वतःच्या बळावर घडी धरू शकत नाही. जस्त काढलं की ती उलगडते. मी हे वाक्य वाचलं होतं, शिकवलंही होतं. मातीच्या मॉडेलमध्ये जस्ताचा मणी फक्त शोभेचा होता, काढून टाकला असता तरी काही बिघडलं नसतं. तारेने मात्र जस्ताशिवाय उभं राहायला नकार दिला. त्या नकारात मला ब्रॅग यांचा दांडा आणि पॉलिंग यांचा कागद यांतला फरक समजला. चांगलं साहित्य निसर्गाचा निदान एक नियम स्वतः पाळतं, आणि आपण तो मोडायला गेलो की अडून बसतं.

कोणतंही साहित्य सगळे नियम पाळत नाही. त्या फोमच्या तारेलाही डावं-उजवं कळत नाही, तिथे परीक्षकाला आणि आपल्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात. म्हणून नातीला मी शेवटी जे उत्तर दिलं ते असं : तुझ्या प्रथिनाबद्दल जी एक गोष्ट सांगायचीच आहे, ती जे साहित्य स्वतःहून सांगेल, ते घे. बाकीचं कार्डावर लिही.

आज हे सगळं पडद्यावर बोटाने फिरवता येतं. १९७१ साली सुरू झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’त तेव्हा सात रचना होत्या, आता दोन लाखांहून अधिक आहेत. अमिनो आम्लांच्या क्रमावरून घडीचं भाकीत करणाऱ्या ‘आल्फाफोल्ड’च्या कामासाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा दिला गेला. नातीनेही तिचा झिंक फिंगर संगणकावर पाहूनच वळवला होता. पण पडद्यावर जस्त पुसून टाकलं तरी बाकीचं चित्र जागच्या जागी राहतं. हातातली तार तसं राहू देत नाही.

स्पर्धेत त्यांच्या संघाला पदक मिळालं नाही. तिथे बसून केलेल्या मॉडेलमध्ये एक वळण घाईत चुकलं. ती दोन दिवस खट्टू होती, मग पुढच्या वर्षीच्या तयारीला लागली.

मी माझ्या मॉडेलचं काय करावं हा विचार करत होते. खाली डोकं वर पाय करून पाहिलं. डावं मळसूत्र उलटं धरलं तरी डावंच राहतं. आरशासमोर धरलं तेव्हा मात्र आरशातलं बरोबर दिसलं. शेवटी बाजारातून नवी तार आणली, तेच लाटणं घेतलं आणि या वेळी शेजारी एक स्क्रू ठेवून, मोजून, उजव्या वळणाने गुंडाळली. जुनी तार फेकली नाही. आता घराजवळच्या शाळेत कधी बोलावतात तेव्हा दोन्ही नेते. कपाटावर ठेवत नाही, मुलांच्या हातात देते. सोबत एक स्क्रूही देते आणि विचारते, “यातलं एक मॉडेल चुकीचं आहे. कोणतं, ते शोधून काढा.”